पाटावरचा हातमोजा

गवार मोडायची निम्मी राहिली आहे. आज वसुबारस. रात्रीला बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी एवढंच करायचं, म्हणून दुपारचं आवरल्यावर ताट घेऊन बसले होते. अडीचला सुनेचा, उर्वीचा, फोन आला. फोन ठेवल्यावर शेंगांत लक्ष लागेना. ताट तसंच पाटाखाली सरकवलं आणि वही घेतली.

ही वही मी रोज लिहिते, लग्न होऊन ठाण्याच्या कोपरीत आले त्या वर्षापासून. तिथी, वार, देवाला काय वाहिलं, कोण आलं, कोण गेलं, चार ओळींच्या वर नाही. आज जास्त लिहिणार आहे. आमच्या महिला मंडळाच्या हस्तलिखितात ‘आपल्या घरातलं माणूस’ या विषयावर प्रत्येकीने पानं द्यायची आहेत. बाकीच्या बायका सासऱ्यांवर नाहीतर वडिलांवर लिहितायत, म्हणजे फोटोला हार असलेल्या माणसांवर. मी माझ्या सुनेवर लिहिते. वय वर्षं अठ्ठावीस. संध्याकाळी साडेसातला घरी येईल आणि विचारेल, आई, गवार अजून तशीच?

उर्वी कल्याणची, दुर्गाडीच्या खाडीकडच्या कोळ्यांतली. वडील होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे आणि ही पोर त्यांना पाने काढून द्यायची. पुढे आयटीआयला इलेक्ट्रिशियन झाली. वर्गात एकतीस मुलगे आणि ही एकटी. डोंबिवलीच्या एमआयडीसीत तीन वर्षं पॅनलच्या वायरी जोडल्या. आमच्या दर्शनशी लग्न झालं तेव्हा तिथेच होती. लग्नानंतर सहा महिन्यांनी शहाडजवळच्या एका वर्कशॉपमध्ये लागली, तिथे विजेवरच्या गाड्यांच्या बॅटऱ्या उघडून दुरुस्त करतात.

मी तिला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, “केवढी असते गो ही बॅटरी?”

“आपल्या दिवाणाएवढी. गाडीच्या पोटाखाली बसवलेली असते. साडेतीनशे व्होल्ट.”

“आणि घरातली वीज?”

“दोनशेतीस.”

“मग काही फार नाही.”

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. “आई, घरातली वीज मेन स्विच पाडला की जाते. ही जात नाही. गाडी बंद करा, चावी काढा, प्लग उपटा, तरी बॅटरीच्या पोटात ती असतेच. आम्ही फक्त तिचं बाहेर यायचं दार लावून घेतो. आणि हिने धरलं तर माणसाला स्वतःहून हात सोडवता येत नाही.”

त्या दिवशीच्या वहीत लिहिलं आहे: ‘एकवीरा आईला पाच नारळ बोलले.’ कशासाठी ते लिहिलेलं नाही. तेवढं लिहायलाही भीती वाटली असणार.

मंगळसूत्रावरून आमचं एकदा झालं होतं. वर्कशॉपमध्ये शिरताना अंगावर धातू म्हणून काही ठेवायचं नाही. अंगठी नाही, घड्याळ नाही, केसातली पिनसुद्धा नाही. उर्वी मंगळसूत्र काढून पाकिटाच्या कप्प्यात टाकायची. एकदा चिल्लर काढताना ते बाजारात बाहेर आलं आणि मी पाहिलं. मी दोन दिवस तिच्याशी तुटक बोलले. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “गळ्यातलं बॅटरीवर लोंबलं तर मी पण गेले आणि मंगळसूत्र पण गेलं, मग तुम्ही कोणाशी अबोला धरणार?” मला हसू आलं. माझ्या आईचा लाकडी करंडा होता, झाकण घट्ट बसणारा. तो मी तिला दिला. तेव्हापासून मंगळसूत्र त्या करंड्यात राहतं, कुंकवाच्या जागी. संध्याकाळी घालूनच ती घरी येते.

हे सगळं आधी सांगितलं कारण पुढचं माझ्या हातून झालं आहे.

आमच्या घरी खंडेनवमीला कमावणाऱ्याचं हत्यार पाटावर येतं. सासऱ्यांच्याही आधीपासूनची रीत. आमचे हे, ज्यांना सगळा कोळीवाडा मोरू म्हणून ओळखतो, अजून खाडीत जातात, मिळतील त्या चिंबोऱ्या आणतात. त्यांची जाळं विणायची सुई आणि कोयता पाटावर असतो. दर्शन ठाण्याला एका औषधाच्या दुकानाचं बिलिंग बघतो, त्याचा लॅपटॉप असतो. उर्वीचं काही नसायचं. यंदा मी हट्टाला पेटले, कारण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तिची परीक्षा होती.

परीक्षा म्हणजे काय ते नीट सांगते. वर्कशॉपच्या भिंतीवर एक फळा आहे. ज्यांची नावं त्यावर आहेत त्यांनीच बॅटरी उघडायची, बाकीच्यांनी त्यांच्या हाताखाली काम करायचं. फळ्यावर दोन नावं होती, दोन्ही पुरुषांची. उर्वी दोन वर्षं हाताखाली राबली होती. परीक्षक पुण्याहून येणार, तिने त्यांच्यासमोर एक बॅटरी सुरुवातीपासून सुरक्षित करून उघडून दाखवायची, की तिसरं नाव तिचं.

“उर्वी, यंदा तुझंही हत्यार ठेवायचं.”

“माझी हत्यारं वर्कशॉपची आहेत, आई. घरी नाही आणत.”

“एखादा पाना आण.”

“पाने सह्या करून घ्यावे लागतात.”

“आई, सोड तिला,” दर्शन म्हणाला. “माझा लॅपटॉप आहे की.”

“तुझ्या लॅपटॉपच्या बटणांतनं गेल्या वर्षीचं कुंकू अजून निघतंय,” उर्वी म्हणाली.

मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी बोलले, “या घरातले दोन पुरुष कमावतात ते देवाला दिसतं, आणि तू कमावतेस ते दिसू नये का?”

अष्टमीच्या संध्याकाळी येताना ती हातमोजे घेऊन आली. तिच्या एकटीच्या नावावर असलेली वस्तू तेवढीच होती. सात नंबरची जोडी. मोजे वर्कशॉपच्या कपाटातच टांगायचे असा नियम आहे. तो तिने मोडला, माझ्यासाठी.

ते मोजे दुहेरी असतात. आतला जाड तांबड्या रबराचा, कोपरापर्यंत येणारा. वीज अडवतो तो हा. त्याला काही टोचू नये, चिरू नये म्हणून वरून चामड्याचा दुसरा मोजा घालतात. आता चामडं देवापुढे पाटावर कसं ठेवायचं? नवमीला सकाळी मी चामड्याचे दोन्ही मोजे काढून खिडकीत ठेवले आणि रबराचे पाटावर मांडले. हळदकुंकू वाहिलं. सुईवर हार बसला, कोयत्यावर बसला, लॅपटॉपवर बसला. मोज्यावरचा बसेना. रबर गुळगुळीत, ठेवला की घसरायचा. तिच्याच हत्यारावर फूल टिकत नाही हे मला बरं वाटेना. देवघरातल्या डबीतली टाचणी घेतली आणि झेंडूचं फूल अंगठ्याच्या बेचक्यात टोचून बसवलं.

उर्वी तेव्हा आंघोळीला गेली होती. बाहेर आली, पाया पडली, मोज्याकडे बघून हसली. फोटोही काढला. संध्याकाळी निर्माल्य मीच उचललं, टाचणी डबीत टाकली, मोजे पुसून त्यांना चामड्याचे मोजे चढवले आणि तिच्या पिशवीत घातले. भोक कुठे दिसत नव्हतं. रबर आपलं मिटून घेतं.

शुक्रवारी एकादशी होती. उर्वी सकाळी दहीसाखर खाऊन गेली. तिथे काय झालं ते मला नंतर शिवराममामांनी सांगितलं. शिवराममामा तिच्या जोडीला असतात. तीस वर्षं डिझेल इंजिनं खोलली, आता साठीला आले असताना बॅटरी शिकतायत. तिला उर्वी मॅडम म्हणतात, अर्ध्या चेष्टेने. बॅटरीवर काम करणाऱ्याच्या मागे एक माणूस लांब दांड्याचा हूक घेऊन उभा राहतो. समोरचा विजेला चिकटला तर हात न लावता त्या हुकाने ओढून काढायचं. ते काम त्यांचं.

परीक्षक रवींद्र सरांबरोबर चहा घेत होते. रवींद्र सर म्हणजे तिथले सुरक्षेचे मुख्य. उर्वीने कपाटाशी उभं राहून मोजे तपासायला घेतले. हे ती रोज करते. मोज्याचं तोंड गुंडाळत गुंडाळत आणायचं म्हणजे आतली हवा बोटांत कोंडते आणि मोजा फुगतो. मग तो गालाशी धरायचा. डावा झाला. उजवा गालाशी धरला आणि ती थांबली.

“मामा, हवा येतेय.”

“अगं, तुझाच श्वास लागत असेल गालाला.”

“मी श्वास धरलाय.”

मामांनी बादलीत पाणी आणलं. मोजा बुडवला. अंगठ्याच्या बेचक्यातून एक बुडबुडा आला. थोड्या वेळाने दुसरा.

मामांनी इकडेतिकडे पाहिलं. “हे बघ, साकेतची जोडी टांगलेली आहे. तो रजेवर. माप तुझंच. ती घाल, परीक्षा दे, नाव लागू दे फळ्यावर. मग सांग काय सांगायचं ते.”

“आणि भोक कसं पडलं म्हणून विचारलं तर?”

“कपाटात उंदीर कमी आहेत का? उंदराचं नाव सांगू.”

ती हसली म्हणे, तशातही. मग म्हणाली, “मामा, मी उंदरावर ढकलून बॅटरीपुढे बसले, तर उद्या मी ‘प्लग काढलाय’ म्हणेन तेव्हा तुम्ही माझ्यावर कशाच्या जिवावर विश्वास ठेवाल?”

मामा सांगत होते, “वहिनी, मी बादली उचलली आणि ओतायला गेलो.”

ती मोजा हातात धरून रवींद्र सरांपुढे जाऊन उभी राहिली. “सर, सात नंबरच्या उजव्या मोज्याला भोक आहे. आणि ही जोडी तीन दिवस माझ्या घरी होती.”

“घरी? कशाला?”

“खंडेनवमीच्या पूजेला.”

परीक्षक हसले. सर हसले नाहीत. त्यांनी परीक्षा थांबवली आणि तिला घरी पाठवलं.

चार वाजता दार वाजलं. मी वरीचे तांदूळ धूत होते. “लवकर सुटलीस? झालं?”

तिने पिशवी ठेवली. “आई, मोज्यावरचं फूल कसं बसवलं होतंत?”

“टाचणीने गो. घसरत होतं सारखं.” मी कौतुकानेच सांगितलं. अजून मला काही कळलं नव्हतं.

ती मोरीशी जाऊन हात धुवायला लागली, आणि धूतच राहिली. मग नळ बंद करून म्हणाली, “त्या भोकामुळे परीक्षा थांबली. मोज्याच्या आत घामाने ओला झालेला हात असतो, आई.” एवढंच. आवाज चढवला नाही, भांडं आपटलं नाही. तिने आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं.

ह्यांनी सगळं ऐकलं होतं. जाळ्याची गाठ मारता मारता म्हणाले, “माझी सुई पाटावर बसून मासळी आणतेय. तुझी टाचणी पाटावर बसून घरचंच माणूस नेत होती की गो!”

त्यांना वाटतं चेष्टा केली की जड गोष्ट हलकी होते. त्या दिवशी झाली नाही. मी देवघरापुढे बसले, पण जप होईना. देवाला काय सांगणार? मी पाच नारळ बोलले होते तिच्या जिवासाठी, आणि त्याच देवाच्या डबीतली टाचणी.

शनिवारी सकाळी मी साडी बदलून तिच्याबरोबर निघाले.

“तुम्ही कुठे?” उर्वी म्हणाली.

“शहाडला. तुझ्या सरांना सांगायला.”

“नका येऊ हो. आई मला शाळेत सोडायला यायची तसं दिसेल.”

“दिसू दे.”

वर्कशॉप मला वाटलं होतं तसं काळंकुट्ट, तेलकट नव्हतं. फरशी आमच्या स्वयंपाकघराहून स्वच्छ. मध्ये पिवळी पट्टी आखलेली. तिच्याशी येताच रवींद्र सर पुढे आले, पन्नाशीचे, सडपातळ, चष्मा सुती दोरीने गळ्यात. “काकू, या पट्टीच्या आत बांगड्या आणि गळ्यातलं चालत नाही. तुम्ही इथे खुर्चीवर बसा.”

मी बसले नाही. “टाचणी मी लावली. तिला ठाऊकसुद्धा नव्हतं. तिला काढू नका. मोजा भरून द्यायचा असेल तर मी देते.”

“काकू, टाचणी तुमची. पण मोजा इथून घरी नेला तो तिने. तुम्हाला नियम माहीत नव्हता, तिला होता.”

“माझ्यासाठी नेला.”

“म्हणूनच जास्त जपायचं. नियम परक्यासाठी कोणी मोडत नाही, घरच्यांसाठीच मोडतात.”

सरांनी कात्री मागवली आणि उर्वीच्या हातात दिली. खराब मोजा नुसता टाकायचा नाही, कापायचा, म्हणजे चुकून दुसरा कोणी घालणार नाही. तिने उजव्या मोज्याची पाचही बोटं कापली. मग डाव्याची, कारण जोडीतला एक गेला की दुसराही घालत नाहीत. मी हळदकुंकू वाहिलेले मोजे ते. टेबलावर तांबडी बोटं पडत होती आणि मला तिथे कोणाचं तरी पिंडदान चाललंय असं वाटलं. पण मी नजर काढली नाही.

“आता पुढे?” मी विचारलं.

सर म्हणाले, “परीक्षक पंधरा दिवसांनी भिवंडीच्या पोरांसाठी परत येणार आहेत. वसुबारसेला. तोवर तिच्या मापाची नवी जोडी तपासून आली तर बसवतो. नाही आली तर सहा महिने थांबायचं. तोपर्यंत तिने बॅटरीला हात लावायचा नाही. आणि सोमवारी सगळ्यांसमोर उभं राहून हे जसं झालं तसं सांगायचं.”

“सगळ्यांसमोर?” मी उर्वीकडे पाहिलं.

“सांगते, सर,” उर्वी म्हणाली.

निघताना सर दारापर्यंत आले. म्हणाले, “काकू, आमच्या घरी पाटपूजा नसते. पण बुद्धवंदना झाल्याशिवाय मीही घराबाहेर पाऊल टाकत नाही. वंदना घरी, मोजे इथे, असं मी ठरवून घेतलंय. आणि एक सांगू? दोन वर्षं ती रोज मोजा गालाला लावते. रोज काही निघत नाही. रोज काही निघत नसताना रोज बघायचं, हे मला कोणाला शिकवता येत नाही. तिला येतं.”

हे त्यांनी तिच्यासमोर नाही सांगितलं. मी घरी येऊन वहीत उतरवलं, तेही अजून तिला दाखवलेलं नाही. मंडळाच्या अंकात वाचेल.

सोमवारी तिने सांगितलं. टाचणी, फूल, चामडं, सगळं. संध्याकाळी मी विचारलं, “हसले का?”

“दोघं हसले. मग एकाने हळूच खिशातनं लिंबू काढलं. त्याच्या आईने बांधून दिलेलं, तांब्याच्या तारेने.” उर्वीला हसू आवरेना. “रोज न्यायचा म्हणे. चार महिने!”

ते ऐकून मला पहिल्यांदा जरा मोकळं वाटलं.

पुढचे पंधरा दिवस आमच्या घरात सकाळ वेगळी झाली. उर्वी चहा घेता घेता पायऱ्या तोंडाने म्हणायची आणि मी वहीत बघून तपासायची. आधी गाडी बंद, चावी पेटीत, पेटीला कुलूप, कुलपाची किल्ली तिच्याच खिशात. किल्ली धातूची, मग खिशात कशी, असं मी विचारलं तर म्हणाली, “शाब्बास! किल्ली मामांकडे, पट्टीच्या बाहेर.” मग गाडीची छोटी बॅटरी सोडवायची. मग हातमोजे घालून मोठ्या बॅटरीचा प्लग काढायचा. आणि मग दहा मिनिटं नुसतं थांबायचं.

“का पण?” मी विचारलं. “प्लग काढला ना?”

“प्लग काढला तरी गाडीच्या यंत्रात वीज साठलेली असते. ती हळूहळू उतरते. घाई करणारे तिथेच मरतात.”

“दहा मिनिटं नुसती उभी राहतेस?”

“मामांना सगळ्यात जड तेच जातं. सारखं घड्याळ बघतात.”

एक माळ जपायला मला किती लागतं ते मी कधी मोजलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी घड्याळ समोर ठेवून मोजलं. साडेनऊ मिनिटं. गडबड न करता जपलं तर दहा. मग सकाळी ती प्लग काढायच्या पायरीवर आली की मी माळ घ्यायची आणि ती समोर गप्प बसायची, हात मांडीवर. माळ संपली की ती पुढची पायरी म्हणायची: मीटर आधी जिथे वीज आहे हे माहीत आहे तिथे लावून बघायचं, मग बॅटरीच्या टोकांना, मग परत पहिल्या ठिकाणी. मीटरच बिघडलेलं असेल आणि शून्य दाखवत असेल तर?

ह्यांनी एकदा मध्येच डोकं घातलं. “दहा मिनिटांत मी चार चिंबोऱ्या धरतो.”

“आणि दोन बोटं चावून घेता,” उर्वी म्हणाली. तेव्हापासून ते माळ संपेपर्यंत बोलत नाहीत.

नवी जोडी मात्र येईना. सोमवार गेला, मंगळवार गेला. मी रोज विचारायची आणि ती रोज मान हलवायची. सहा महिने म्हणजे होळी उलटून जाणार. बुधवारी ती आली तीच बोट वर करून: “अकरा नंबर!” सात नंबर त्यांनी परत कोणाला दिला नाही.

आज सकाळी जाताना तिने दहीसाखर घेतली नाही, वसुबारस म्हणून मीच दूधदही वर्ज्य केलं होतं. गूळ दिला. करंडा पिशवीत आहे ना, एवढं विचारलं. फूल दिलं नाही. कॅलेंडरवर काम दहाला सुरू होणार असं लिहून ठेवलं होतं, म्हणून दहाला दिवा लावला आणि शेंगा घेऊन बसायच्या ऐवजी माळ घेऊन बसले. किती माळा झाल्या ते मोजलं नाही.

अडीचला फोन.

“आई, फळ्यावर तिसरं.”

मी काही विचारायच्या आत तीच सांगत सुटली. थांबायची दहा मिनिटं चालू असताना परीक्षक घड्याळ बघून म्हणाले, “झाली की वेळ, घ्या मीटर.” तिने घड्याळ पाहिलं. आठ मिनिटं झाली होती. “सर, दोन मिनिटं बाकी आहेत,” म्हणाली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. ते परत म्हणाले, “मला पुण्याला जायचंय हो.” ती हललीच नाही. मागून शिवराममामा बोलले, “सर, तिच्या सासूची माळ संपायची आहे अजून.” परीक्षकांना काही उमगलं नाही. ते मुद्दाम घाई करत होते हे तिला नंतर कळलं. त्यांनी त्याचेच सगळ्यात जास्त गुण दिले.

मग फोन मामांनी ओढून घेतला. “वहिनी, आजपासून खरीखुरी मॅडम! मी हूक घेऊन मागे होतो, पण हाताला काम लागलं नाही. लागूच नये.”

“पेढे पाठवते, मामा.”

“पाठवा. पट्टीच्या बाहेर खाऊ.”

रवींद्र सरांनी तिच्याकडे आजच मोज्यांच्या कपाटाची किल्ली दिली आहे. सगळ्यांचे मोजे आता ती सांभाळणार. दर सहा महिन्यांनी ते ठाण्याच्या प्रयोगशाळेत तपासायला द्यावे लागतात, आणि आठ जोड्यांची मुदत भरत आली आहे.

हे तेवढ्यात बाहेरून आले होते. फोन स्पीकरवर होता, सगळं ऐकलं. ओरडून म्हणाले, “प्रयोगशाळा ठाण्यात? मग आजच येताना घेऊन ये गो बाय! रात्री इथे ठेव, सकाळी चालत नेऊन दे. उद्या धनत्रयोदशीला कशाला शहाडचा फेरा?”

“नाही, बाबा. मोजे घरी राहणार नाहीत.”

“बरोबर,” मी म्हणाले.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग देवघरातल्या टाचण्यांच्या डबीकडे, आणि पाय धुवायला गेले.

पाच वाजत आले. गवार मोडून घ्यायला हवी. उद्या उर्वीला सकाळी शहाडला जाऊन कपाटातून आठ जोड हातमोजे मोजून घ्यायचे आहेत आणि ते दुपारच्या आत ठाण्याच्या प्रयोगशाळेत पोचवायचे आहेत.